तीन दिवसांचं प्रमाणपत्र

पोलीस ठाण्यात प्रशिक्षणाचं पत्र आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोण रिकामं आहे?"

शिकायची गरज कोणाला आहे, शिकलेलं कोण वापरेल, हे कोणी विचारत नाही. ज्याच्यावाचून ठाण्याचं काही अडत नाही, त्याचं नाव कळवायचं आणि पत्र फाइलला लावून टाकायचं. तुम्ही म्हणाल, पोलिसांचं काय घेऊन बसलात, आमच्या कचेरीत असंच चालतं, आमच्या शाळेतसुद्धा. चालतं ना! म्हणून तर ही गोष्ट सांगायला बसलो आहे. ठाण्याचं नाव मात्र विचारू नका. धरणगावच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी आहे, एवढं पुरे.

गेल्या जानेवारीत तिथे असंच एक पत्र आलं. बुडालेल्या, शॉक लागलेल्या, अपघातात सापडलेल्या माणसाला दवाखान्यात पोचेपर्यंत कसं जगवायचं, याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण. जागा धुळ्याची. साहेबांनी चष्म्यावरून खोलीभर नजर फिरवली आणि ती हवालदार लीलाधर बोरसे यांच्यावर येऊन थांबली. लीलाधरचा गुडघा दुखत होता, बंदोबस्ताला तो उभा राहू शकत नव्हता.

"लीलाधर, तू जा."

"साहेब, बावन्न सरलं मला. आता काय शिकू?"

"शिकायला कोण सांगतंय? सही करून ये. सासुरवाडी धुळ्यालाच ना तुझी?"

खोलीत हशा पिकला. लीलाधरही हसला. त्याला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

एक सांगून ठेवतो, लीलाधर वाईट माणूस नव्हता. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्याने कोणाला विनाकारण काठी मारली नव्हती. पंचनामा लिहावा तर त्यानेच. जागा, दिशा, अंतर, कपड्यांचा रंग, सगळं इतकं नेटकं लिहायचा की वकीलसुद्धा मान डोलवायचे. पण बारा वर्षांपूर्वी एक घोळ झाला होता. रस्त्यावर पडलेला मृतदेह त्याने पंचनाम्याआधीच उचलून सावलीत ठेवला. कोर्टात त्यावरून वाभाडे निघाले, वरून नोटीस आली. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता. पंच आणि साहेब येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, लावू द्यायचा नाही!

धुळ्याला पहिल्या दिवशी त्याने सही केली आणि मागच्या रांगेत तासभर बसला. पुढे प्राची मॅडम नावाच्या एक तरुण फौजदार जमिनीवर रबरी बाहुला ठेवून त्याची छाती दाबून दाखवत होत्या. शेजारी बसलेला ओळखीचा हवालदार कानाशी लागला, "भाऊ, साक्री रोडला मळ्यात भरीत आहे. हिरवी वांगी, काड्यांवर भाजलेली. येतोस?"

थंडीचे दिवस, खान्देशातला माणूस आणि भरीत! चहाच्या सुट्टीत सहा जण उठले ते परत आलेच नाहीत. दुसरा दिवस सासुरवाडीत गेला. तिसऱ्या दिवशी समूहफोटोला मात्र सगळे वेळेवर हजर होते. लीलाधर तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथा. हातात प्रमाणपत्र, चेहऱ्यावर समाधान.

त्याच्या बायकोने, सुंदरबाईने, ते प्रमाणपत्र पिंप्राळ्याच्या घरात काचेच्या फ्रेममध्ये लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकाने दाखवायची, "आमचे हे जीव वाचवायचं शिकून आले!"

मे महिना आला. दुपारचे बारा वाजत आले होते. लीलाधर एका गावात समन्स द्यायला गेला होता. ज्याला द्यायचं तो घरी नव्हता, म्हणून लिंबाखाली मोटारसायकल लावून तो पाणी पीत होता. तेवढ्यात एक म्हातारा धावत आला.

"भाऊ, चाला हो! पोर पडनी पाणीमा!"

गावाबाहेर एका मळ्यात शेततळं होतं. ही शेततळी तुम्ही पाहिली असतील. खोल खड्डा, त्याला आतून काळं प्लॅस्टिक. त्या प्लॅस्टिकवर एकदा पाय घसरला की पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. समाधान आणि कामिनी हे मजूर जोडपं पलीकडच्या शेतात कामाला होतं. त्यांची नऊ वर्षांची भाविका बाटलीत पाणी भरायला वाकली आणि गेली.

लीलाधर पोचला तेव्हा दोन गड्यांनी दोर बांधून तिला नुकतंच वर काढलं होतं. बांधावर निजवली होती. अंगात शाळेचाच निळा फ्रॉक, एका पायात चप्पल. ओठ काळेनिळे पडले होते, पण अंग अजून मऊ होतं, गार पडलेलं नव्हतं. पाच-सहा माणसं भोवती उभी होती. कोणी हात लावत नव्हतं, कारण लांबून खाकी कपडे येताना दिसले होते.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई घुसली. ही गावची आशाताई, दिपमाला. आशाताई म्हणजे घरोघर जाऊन बाळंतिणींची, लेकरांची तब्येत पाहणारी, सरकारने नेमलेली बाई. ती धापा टाकत भाविकाजवळ गुडघ्यावर बसली. पोरीची हनुवटी वर उचलली.

"सरका भाऊ, सरका. माले शिकाडेल शे. इले श्वास देना पडी!"

आणि लीलाधरने तिचा खांदा धरून तिला मागे ओढलं.

"ए बाई, हात लावू नको! पंचनामा व्हायचाय अजून. उद्या कोर्टात काय सांगशील?"

"भाऊ, पण हाई पोर..."

"गेली ती. दिसत नाही का? हो मागे!"

दिपमाला मागे झाली. का झाली? अहो, आपण सगळेच झालो असतो. खाकी कपड्यातला माणूस ओरडला की आपले पाय आपसूक मागे जातात. ती दोन पावलं मागे सरली, हात छातीशी गच्च धरून उभी राहिली आणि पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली.

लीलाधरने ठाण्यात फोन लावला. गर्दी मागे हटवली. पोलीस पाटलाला बोलावलं, पंच शोधले. डायरी उघडून त्याने लिहायला घेतलं. पूर्वेस लिंबाचं झाड, पश्चिमेस कपाशीचं मोकळं रान. साहेबांची गाडी यायला पस्तीस मिनिटं लागली. ती पस्तीस मिनिटं भाविका उन्हात पडून होती आणि तिच्या अंगावर फक्त कोणाचा तरी रुमाल होता.

त्याच वेळात कामिनी शेतातून धावत आली. तिने पाहिलं काय? लेक जमिनीवर, आणि तिच्यापासून दोन पावलांवर हात बांधून उभी असलेली दिपमाला.

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी तपासलं. मग लीलाधरला बाजूला घेतलं.

"पाण्यात किती वेळ होती?"

"चार-पाच मिनिटं, साहेब. दोर लगेच मिळाला त्यांना."

"वर काढल्यावर श्वास दिला का कोणी? छाती दाबली?"

"नाही. पंचनामा केला."

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. टेबलाशी बसून त्यांनी मृत्यूची वेळ लिहिली, म्हणजे त्यांनी तपासलं ती वेळ. त्याआधी ती पोर किती वेळ जिवंत होती, होती की नव्हती, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं.

चौथ्या दिवशी जबाब घ्यायला लीलाधर त्या गावात गेला. अकस्मात मृत्यूच्या कागदात आई-बापाचा जबाब लागतो. समाधान भिंतीला टेकून बसला होता, त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. कामिनी मात्र बोलली. तिच्या मांडीवर भाविकाची ती एकच चप्पल होती.

"लिखा भाऊ. हाई दिपमाला जोडे उभी व्हती. तिले सरकारनी बठ्ठं शिकाडेल शे. मनी पोरले तिनी हात काबर नही लावा? माले तेवढंच इचारनं शे. लिखा, बठ्ठं लिखा!"

बठ्ठं, म्हणजे सगळं. लीलाधरच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं होतं. त्याला सांगता आलं असतं. एक वाक्य पुरे होतं, 'कामिनी, मी अडवलं तिला.' खाली मान घालून त्याने लिहिलं, 'दिपमाला ही जवळ उभी असून तिने कोणतीही मदत केली नाही.' मग तो कामिनीचा अंगठा घ्यायला लागला, तर ती म्हणाली, "माले सही येस." तिने सही केली. आठवडाभर भाविकाने तिच्यापुढे पाटी धरून तिला ती शिकवली होती.

बांधावरच्या पाच-सहा जणांनी सगळं पाहिलं होतं, पण पोलिसाविरुद्ध बोलायला कोणी धजलं नाही. गावाने दिपमालाला वाळीत टाकलं नाही, तसं आता उघडपणे कोणी करत नाही. पण तिची पावलं दारात वाजली की आतून कडी लागायची. ज्या बाईला तिने तीन बाळंतपणांत रात्रंदिवस सांभाळलं होतं, तीही म्हणाली, "ताई, मी दुसऱ्या गावच्या आशाताईला दाखवेन."

दिपमालाचा जबाब बाकी होता. ती ठाण्यात आली, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला, डोळे खोल गेलेले. लीलाधरने तिला खुर्ची दिली आणि हळूच विचारलं, "तू माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेऊन काय करू, भाऊ? पोलिसाचं नाव घेतल्यावर मला गावात राहता येईल का?" तिने पदर आणखी घट्ट ओढला. "आणि तुम्ही हात लावू नको म्हणालात खरं. पण ऐकलं कोणी? मीच ना! मला माहीत होतं काय करायचं ते. तुमचा हात झटकून बसले असते तर तुम्ही मला फासावर दिलं असतं का? लिहा, माझा धीर झाला नाही."

आणि लीलाधरने तेही लिहिलं. वाचकहो, मला त्याचा राग येतो हे लिहिताना. पण खरं सांगा, आपल्यातल्या किती जणांनी त्या जागी दुसरं काही लिहिलं असतं?

घरी गेल्यावर त्याने फ्रेमकडे पाठ करून जेवायला घेतलं. दोन घासांत उठला. सुंदरबाईने विचारलं तर म्हणाला, "पोटात दुखतंय."

पण त्याची सुटका व्हायची नव्हती. त्या उन्हाळ्यात जिल्ह्यात शेततळ्यांत बुडण्याच्या घटना वाढल्या, तसा वरून आदेश आला. ज्यांचं प्रशिक्षण झालेलं आहे त्यांनी गावोगाव प्रात्यक्षिक दाखवावं. साहेबांनी आदेश वाचला आणि खुशीत हाक मारली.

"लीलाधर! प्रमाणपत्र तुझ्याकडेच आहे की! बघ, मी पाठवलं ते किती कामाला आलं. ज्या गावात ती मुलगी गेली, तिथूनच सुरुवात कर. येत्या रविवारी. लोकांना दाखव, बुडालेल्याला कसं वाचवायचं!"

लीलाधर तसाच उभा राहिला.

"काय रे? येतं ना?"

"येतं, साहेब," तो म्हणाला. खोटं बोलायची एकदा सवय लागली की जीभ आपोआप वळते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्याने धुळ्याची एसटी पकडली. प्राची मॅडम सभागृहात नवीन तुकडीची तयारी करत होत्या, जमिनीवर सतरंजी पसरत होत्या. त्याने सलाम केला.

"मॅडम, मी जानेवारीच्या तुकडीतला. लीलाधर बोरसे."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. "फोटोत आहात तुम्ही, तिसऱ्या रांगेत. वर्गात नव्हतात."

"आठवतंय तुम्हाला?"

"सहा खुर्च्या रिकाम्या होत्या, हवालदार. रिकामी खुर्ची शिकवणाऱ्याला बरोबर दिसते."

मग लीलाधर बोलायला लागला आणि थांबेना. भरीत, फोटो, घरात काचेत लावलेलं प्रमाणपत्र, शेततळं, दिपमालाचा खांदा, दोन्ही जबाब, सगळं. बोलता बोलता तो त्या सतरंजीवरच बसला. पन्नाशी ओलांडलेला तो माणूस टोपी तोंडाशी धरून ढसाढसा रडला. मॅडमनी त्याला रडू दिलं. पाणी दिलं. पण पाठीवरून हात फिरवला नाही.

"एक सांगा," त्या म्हणाल्या. "माणूस मेला हे कोण ठरवतं?"

"डॉक्टर."

"आपण नाही?"

"नाही, मॅडम. कायद्याने नाही."

"मग डॉक्टरांनी सांगेपर्यंत ती मुलगी कोण होती?"

लीलाधरने टोपी खाली ठेवली.

"पेशंट होती, हवालदार! पेशंट! आणि तुम्ही तिला मुद्देमाल केलंत." मॅडमचा आवाज चढला. "पंचनामा कशासाठी असतो? मेलेल्याला न्याय मिळावा म्हणून. तो जिवंत माणसाच्या आड यायला नको. पुरावा थोडा हलला तर कोर्ट चार शब्द सुनावेल, तुम्हाला नोटीस मिळेल. त्या नोटिशीचं उत्तर देता येतं. त्या आईला काय उत्तर देणार आहात?"

"मॅडम, ती वाचली असती का?"

"मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. चार-पाच मिनिटं पाण्यात, लगेच वर काढलेली, जवळ शिकलेली बाई... अशी मुलं वाचल्याचं मी वाचलंय, पाहिलंय. प्रत्येक वेळी वाचतात असं नाही. पण तुम्ही तिला ती एक संधीसुद्धा मिळू दिली नाही."

मग मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि माझंही चुकलं. रिकाम्या खुर्च्या मला दिसत होत्या आणि तरी मी सगळ्या प्रमाणपत्रांवर सही केली. म्हटलं, अनुभवी माणसं आहेत, कशाला नाराज करा. तुमच्या घरी काचेत जो कागद लावलाय ना, त्यावर माझीही सही आहे."

त्यांनी कपाटातून लहान मुलाच्या आकाराचा रबरी बाहुला काढला.

"बसा गुडघ्यावर."

"मॅडम, गुडघा..."

"बसा!"

तो बसला. मॅडमनी दाखवलं. डोकं मागे, हनुवटी वर. बुडालेल्याला आधी श्वास द्यायचा, मग छाती दाबायची. तीस वेळा दाबायचं, पुन्हा दोन श्वास. थांबायचं नाही, गाडी येईपर्यंत नाही, डॉक्टर हाती घेईपर्यंत नाही. लीलाधरच्या कपाळावरून घाम गळायला लागला. त्याचे हात चुकत होते, मोजणी चुकत होती. पंधरावीस वेळा चुकल्यावर मग कुठे त्याच्या तळहाताला कळायला लागलं, किती दाबायचं आणि कधी सोडायचं.

तीन दिवस तो रोज त्या तुकडीबरोबर पहिल्या रांगेत बसला. मेहुण्याचा फोन आला, तर "वेळ नाही" म्हणाला.

शेवटच्या दिवशी मॅडमनी तो लहान बाहुला त्याच्या हवाली केला. "रविवारी घेऊन जा. पण आधी खरं सांगा. खरं सांगितल्याशिवाय त्या गावात हे शिकवलंत तर ते शिक्षण नाही, नाटक होईल."

एसटीत तो बाहुला मांडीवर घेऊन बसला होता. शेजारच्या म्हाताऱ्या आजीने कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, "नातीले का, भाऊ?" त्याने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. पारोळा येईपर्यंत त्याला तिच्याकडे बघता आलं नाही.

शनिवारी त्याने साहेबांपुढे स्वतःच्या हाताने लिहिलेला जबाब ठेवला. काय घडलं, कोणी अडवलं, आधीचे दोन जबाब अपुरे कसे आहेत, आणि जानेवारीतलं प्रमाणपत्र खोटं कसं आहे, सगळं त्याच्या नेहमीच्या नेटक्या अक्षरात. साहेबांनी दोनदा वाचलं.

"वेडा झालास? चौकशी लागेल तुझी. माझं नावही येईल यात."

"येऊ द्या, साहेब. तुम्ही म्हणालात सही करून ये, मी केली. दोघांचंही आहे ते."

साहेब पुष्कळ वेळ कागद हातात धरून बसले. शेवटी त्यांनी त्यावर आवक शिक्का मारला आणि एवढंच म्हणाले, "मीपण येतो उद्या."

रविवारी शाळेच्या अंगणात गाव जमलं. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. दिपमाला सगळ्यांच्या मागे, हापशाजवळ एकटी उभी होती. कामिनी येईल असं कोणाला वाटलं नव्हतं, पण ती आली आणि पुढे येऊन बसली. लीलाधरने सतरंजीवर बाहुला ठेवला. टोपी काढून हातात घेतली.

"मंडळी, शिकवण्याआधी मला एक सांगायचं आहे. भाविकाला वर काढलं तेव्हा दिपमालाताई धावत आली होती. तिने पोरीची मान सरळ केली होती. श्वास देणार होती. मी तिचा खांदा धरून तिला मागे ओढलं. हात लावू नको म्हणालो. ती उभी राहिली ती माझ्यामुळे. तिचा काही दोष नाही. दोष माझा आहे."

कोणीतरी मागून शिवी दिली. समाधान ताडकन उठला, मुठी आवळून दोन पावलं पुढे आला आणि तिथेच थबकला. तो खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून मोठ्याने रडू लागला.

कामिनी रडली नाही. ती लीलाधरकडे टक लावून बघत होती.

"तुले येत नव्हतं का हाई?" तिने बाहुल्याकडे बोट केलं.

"नाही, कामिनी. मला शिकायला पाठवलं होतं. मी शिकलो नाही. सही करून निघून गेलो."

"कितला दिवसनं व्हतं ते शिक्षण?"

"तीन."

कामिनीने मान वर केली. तिला वाटलं असावं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"तीनच दिवस?"

लीलाधरने होकार दिला. साहेब भिंतीशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली. तीन वर्षं नाहीत, तीन महिने नाहीत. तीन दिवस! एका लेकराच्या सगळ्या जन्मापुढे तीन दिवस, आणि तेही भरीत खाण्यात गेले.

कामिनी उठली. ती आधी मागे गेली, हापशाजवळ. दिपमालापुढे उभी राहिली. तिचा हात धरला आणि तिला ओढत सगळ्यांच्या पुढून सतरंजीपर्यंत घेऊन आली. लीलाधर बाहुल्याजवळ गुडघ्यावर बसायच्या बेतात होता.

"सरक," कामिनी त्याला म्हणाली. "दिपमाला शिकाडी माले."

लीलाधर बाजूला सरकला. त्या दिवशी बांधावर जे करायला हवं होतं ते त्याने आज केलं.

दिपमालाने आधी स्वतः वाकून पहिले श्वास दिले, मग कामिनीचे हात हातात घेतले आणि बाहुल्याच्या छातीवर ठेवले. कामिनीने दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. दिपमाला मोजत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तीसपर्यंत मोजून झालं. मग कामिनी वाकली, त्या रबरी तोंडाला तोंड लावलं आणि तिने श्वास दिला. बाहुल्याची छाती वर आली. आपल्या श्वासाने ती छाती वर आलेली पाहिली आणि मग कामिनीने हंबरडा फोडला. अंगणातल्या एकाही माणसाचे डोळे कोरडे राहिले नाहीत.

लीलाधरची चौकशी अजून चालू आहे. शिक्षा काय होईल ते होईल, त्याने वकील लावलेला नाही. पिंप्राळ्याच्या घरातली फ्रेम त्याने उतरवली आणि जानेवारीचं प्रमाणपत्र धुळ्याला परत दिलं. मे महिन्यातल्या तीन दिवसांचं नवीन प्रमाणपत्र मॅडम देत होत्या, ते त्याने घेतलं नाही. हिवाळ्यात सुंदरबाईने भरीत केलं, तर पानावरून उठला. त्या ठाण्यात आता प्रशिक्षणाचं पत्र आलं की साहेब आधी विचारतात, "याची गरज कोणाला?" आणि परत आलेल्याला सगळ्यांसमोर करून दाखवायला लावतात.

माझ्या नागरिक बंधू-भगिनींनो, पोलीस शिकला पाहिजे, हे तर खरंच. नवीन कायदे शिकावेत, नवीन यंत्रं शिकावीत, आणि अंगावर खाकी चढवण्याआधी जिवंत माणूस ओळखायला शिकावं. पण शिकणं म्हणजे सही नव्हे. तुम्ही शिक्षक असा, परिचारिका असा, नाही तर गाडीचे चालक असा. प्रशिक्षणाच्या वर्गात आपण जी खुर्ची रिकामी सोडून चहाला उठतो, तिचा हिशोब आपल्याला कधीच द्यावा लागत नाही. तो दुसराच कोणी देतो. त्या गावात तो नऊ वर्षांच्या भाविकाने दिला.

पुढच्या वेळी पत्र आलं आणि तुमचं नाव निघालं, तर जा. पहिल्या रांगेत बसा. शेवटपर्यंत बसा. तीनच दिवस तर असतात.